दहापर्यंत मोजणारा पानुलुह

पानुलुहला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो रांगेत चौथा होता. माझ्या खिडकीशी पोचला तेव्हा शेवटचा होता. मधल्या वेळात त्याने एका मुलीला बसची घाई आहे म्हणून पुढे सोडलं, एका मुलाला पोट दुखतंय म्हणून, आणि बाकीच्यांना का सोडलं ते त्यालाही सांगता आलं नाही. मी खिडकी बंद करायला उठले तर म्हणतो, "बू, तुमची जेवायची वेळ झाली असेल. मी उद्या येतो." त्या दिवशी प्रवेशअर्जाची मुदत संपत होती. मी त्याचा अर्ज ओढून घेतला आणि शिक्का असा हाणला की शाईची बाटली लवंडली. शाई त्यानेच पुसली.

मी लास्त्री. आमच्याकडे मोठ्या बाईला बू म्हणतात, पुरुषाला पाक. जोग्जा शहरातल्या एका विद्यापीठात समाजशास्त्र विभागाच्या कचेरीत कारकून आहे. प्राध्यापक येतात, जातात, विभागप्रमुख बदलतात. खिडकीच्या आत मी असते. मुलं मला घाबरतात म्हणे. घाबरू देत. न घाबरणारी मुलं मुदत उलटून गेल्यावर येतात आणि वर हसतात.

पानुलुह घाबरायचा नाही, पण हसायचाही नाही. तो विचारपूस करायचा. माझा गुडघा, माझ्या मुलीची सुरबायातली नोकरी, कचेरीतला गळका नळ, सगळं त्याला ठाऊक. विभागातल्या शिपायापासून समोरच्या भाताच्या गाडीवाल्यापर्यंत प्रत्येकाच्या घरातलं त्याला माहीत होतं, आणि यातलं एकही त्याने कुणाला विचारलेलं नव्हतं. लोक आपण होऊन सांगायचे. विचारायची वेळ आली की मात्र या मुलाची वाचा बसायची. आणि आमच्याकडे समाजशास्त्राची पदवी हवी तर विचारावं लागतं. त्याला संशोधन पद्धती म्हणतात.

बाकी सगळे विषय त्याने चांगल्या गुणांनी काढले. संशोधन पद्धतीत तो पाच वेळा नापास झाला.

तो विषय शिकवायच्या बू कुस्तियाह. बाई अंगाने एवढीशी, चष्मा साखळीने गळ्यात अडकवलेला, आवाज मात्र बाजारात भाव पाडून घेणारीचा. त्यांचा एक नियम होता. पहिल्याच तासाला त्या फळ्यावर एक ते दहा आकडे लिहायच्या आणि म्हणायच्या, "प्रश्न विचारलात की तोंड मिटायचं आणि मनात दहापर्यंत मोजायचं. समोरचा गप्प आहे म्हणजे त्याला उत्तर नाही असं नाही. पहिल्या तिनात माणूस तुम्हाला बरं वाटेल ते बोलतो. खरं बोलतो ते सातच्या पुढे."

पानुलुह तीनच्या पुढे कधी गेलाच नाही. पहिल्या खेपेला त्याने बातिकचं कापड रंगवणाऱ्या बायकांना विचारलं, "घरात नवऱ्याशी कशावरून भांडण होतं?" बाईने मान खाली घातली. याने दोन मोजले आणि म्हणाला, "राहू द्या बू, होत नसेलच." लिहिलं: होत नाही. बावीस बायकांचं होत नाही. एका म्हाताऱ्याला विचारलं, मुलं भेटायला येतात का. म्हातारबाबा अंगणाकडे बघत बसले. हा उठला आणि त्यांचा बंद पडलेला पंप उघडून बसला. तीन वेळा गेला, तिन्ही वेळा पंप. तो पंप अजून चालतो. फॉर्म कोरा. सायकलरिक्षावाल्यांच्या वेळी तर त्याने कमालच केली. त्यांना अवघड जाऊ नये म्हणून प्रत्येक प्रश्नाचं उत्तर आधी स्वतःच दिलं, आणि मग त्यांनी मान डोलावली.

"अरे, तू विचारतोस की सांत्वन करतोस?" बू कुस्तियाहनी त्याला माझ्या खिडकीसमोर उभं करून विचारलं होतं.

"बू, त्यांना लाज वाटत होती."

"त्यांना नाही, तुला. त्यांनी आपली लाज सांभाळली असती. तू मध्ये पडलास."

अशी चौदा सत्रं होत आली. चौदाव्या सत्रानंतर विद्यापीठ माणसाचं नाव काढून टाकतं. मग पदवी नाही, शिक्का नाही, सात वर्षं पाण्यात. ते पत्र मलाच टाइप करावं लागतं. त्याचा नमुना माझ्या कपाटात असतो, फक्त नाव भरायचं बाकी.

यात अजून एक घोटाळा होता. पानुलुहची आई वर डोंगरात, गुनुंगकिदुलला राहायची. तिला वाईट वाटू नये म्हणून याने चार वर्षांपूर्वी सांगून ठेवलं होतं, सगळं झालंय, फक्त कचेरीतला शिक्का राहिलाय. ती माउली महिन्याच्या महिन्याला आमच्या कचेरीत फोन करायची. "बू लास्त्री, गरिबाच्या पोराचं एवढं काम करा. एक शिक्का तर आहे." आणि कसावा निघाला की माझ्या नावाने तिवुलची पिशवी यायची. कसाव्याचं वाळवलेलं पीठ, वाफवलं की भातासारखं खावं. मी चार वर्षं त्या बाईचं तिवुल खाल्लं आणि चार वर्षं तिच्या लेखी शिक्का दाबून बसलेली कैदाशीण राहिले. खरं सांगायला मी दोनदा तोंड उघडलं होतं. दोन्ही वेळा तिनेच विचारलं, "तुमचा गुडघा कसा आहे?" हे घराणंच तसलं.

तेव्हा शेवटच्या सत्रात मी ठरवलं की आता आपण लक्ष घालायचं. मी त्याला म्हटलं, "माझ्या वस्तीत कर सर्वेक्षण. चाळीस घरं आहेत. मी ओळखते सगळ्यांना. तिथे कोण तुला पंपाला हात लावू देतं बघू."

विषय बू कुस्तियाहनीच दिला: शेजाऱ्यांतले तंटे आणि अबोले. मुद्दामच दिला असणार.

आमच्याकडे वस्तीत पाऊल टाकायचं तर आधी पाक एर्तेंची परवानगी लागते. पाक एर्ते म्हणजे त्या चाळीस घरांचा मुख्य. आमचे पाक एर्ते पाक समिरान, माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ. रेल्वेतून निवृत्त झालेले. गाडी गेली तरी हिरवं निशाण हातात राहिलेलं, अशा स्वभावाचे. आमची दोन्ही घरं एकाच भिंतीला लागून आहेत. त्यांच्याशी माझं बोलणं आहे. त्यांच्या बायकोशी, म्हणजे माझी जाऊ वार्सिनी हिच्याशी, तेव्हा अकरा वर्षं नव्हतं. ते का, हे वस्तीत कुणी विचारत नसे. आमच्याकडे विचारत नाहीत. भिंतीच्या पलीकडे तिची कढई वाजली की मला कळायचं आज काय तळतेय, आणि माझा रेडिओ लागला की तिला कळायचं मी आले. एवढं चालायचं.

पाक एर्तेंनी प्रश्नावली हातात घेतली, चष्मा वर केला, खाली केला. पहिला प्रश्न होता: गेल्या काही वर्षांत तुमचं शेजाऱ्याशी भांडण किंवा अबोला झाला का? खाली चार पर्याय. पुढे, झाला असल्यास कशावरून.

"हे घरोघरी विचारणार?" त्यांनी पानुलुहला विचारलं.

"हो पाक."

"एकेकट्याला गाठून?"

"पद्धत तशी आहे पाक."

"बरं नाही दिसत, मास," ते म्हणाले; तरुण मुलाला आम्ही मास म्हणतो. "एक जण एक सांगेल, दुसरा दुसरं. तुमच्या मॅडम काय म्हणतील, या वस्तीत मेळ नाही. तुम्ही काळजी करू नका. मी बघतो."

पानुलुहने तिथेच म्हणायला हवं होतं, नको पाक. तो म्हणाला, "तुम्हाला त्रास, पाक."

पुढच्या रविवारी गटारं साफ करायची पाळी होती. सकाळी सगळ्या वस्तीने फावडी मारली, आणि हातपाय धुऊन मंडळी सभागृहात चटयांवर बसली. तळलेली केळी आली, झाकणाचे चहाचे पेले आले. पाक एर्ते उभे राहिले आणि त्यांनी प्रश्नावली सभेपुढे ठेवली. "मंडळी, आपल्या पाहुण्याला डिग्री मिळायची आहे. चाळीस घरांची चाळीस उत्तरं द्यायची आहेत. तर काय उत्तर द्यायचं, यावर विचारविनिमय करू."

मी दाराशी बसले होते. मी कपाळावर हात मारला. पानुलुह मात्र पेले वाटत होता.

पहिल्या प्रश्नाला कुणीतरी म्हणालं, "लिहा, कधीच नाही."

लगेच कोपऱ्यातून पाक तुगिमान उसळले. त्यांच्या खिडकीखाली शेजाऱ्याचा कोंबडा असतो. "कधीच नाही कसं? हा कोंबडा दोन वाजता आरवतो. दोन! मी तीन वर्षं सांगतोय."

शेजारी म्हणाला, "कोंबडा आरवणारच. तुम्ही घोरता ते मी कधी काढलं का?"

"मी घोरतो?"

"कोंबडा त्यालाच उत्तर देतो."

पाऊण तास हे चाललं. मग बाकीच्यांनाही धीर आला. कुणाच्या आंब्याची पानं कुणाच्या कौलांवर, कुणाच्या लग्नात कुणाला मागच्या रांगेत बसवलं, कुणी मशिदीच्या पंख्याला वर्गणी न देता पंख्याखाली बसतं. एक जण चपला घालून निघूनही गेला. त्याला तिघांनी परत आणला. पाक एर्ते घामाघूम झाले, पण हटले नाहीत. माणूस माणसाला समजावत, हात जोडत, शेवटी सगळ्यांचं एकमत झालं. कधीच नाही. पाक तुगिमाननी खूण केली ती कागद फाटेल इतक्या जोरात, पण केली. त्याच पर्यायावर वार्सिनीने केली. ती माझ्यापासून तीन हातांवर बसली होती. मीही केली.

पानुलुहने सगळ्यांचे आभार मानले आणि गठ्ठा कवटाळून निघाला. वाटेत मी त्याला धरलं. "अरे, डोळ्यांदेखत चाळीस माणसं खोटं लिहीत होती, आणि तू केळी वाढत होतास?"

"बू, त्यांनी माझ्यासाठी एवढी रविवारची सकाळ घालवली. कसं म्हणू?"

"मेल्या, तुझं नाव कापणारं पत्र मला टाइप करायचंय. मी कसं म्हणू, हे कुणी विचारलं?"

हे बोलताना मला रडू आलं. मी ते धुळीवर ढकललं.

बू कुस्तियाहनी ते चाळीस कागद संगणकात भरून पाहिले. सगळ्या खुणा एका रकान्यात, बाकीचे तीन रकाने रिकामे. त्या खूप वेळ पडद्याकडे बघत होत्या. मी चहा ठेवायच्या निमित्ताने तिथेच उभी. त्या रागावल्या नाहीत, त्यानेच मला जास्त भीती वाटली.

"माणसं चाळीस आणि मत एक," त्या म्हणाल्या. "पानुलुह, हे सर्वेक्षण नाही. हा ठराव आहे."

"हो बू."

"शेवटची गोष्ट. सत्र संपायला बारा दिवस आहेत. मला चाळीस नकोत. दहा दे. चिठ्ठ्या टाकून निवडलेले दहा, पाक एर्तेंनी निवडलेले नव्हेत. एकेकट्याला, त्याच्या घरात, त्याच्या परवानगीने ध्वनिमुद्रण करून. फीत मी ऐकणार. 'कशावरून' या प्रश्नानंतर तू दहाच्या आत तोंड उघडलंस की मी तिथेच बंद करणार, आणि ती मुलाखत धरणार नाही. दहाच्या दहा हव्यात."

चिठ्ठ्या टाकायला पाक एर्ते तयारच होईनात. "चिठ्ठीत तुगिमान निघाला तर? चांगली माणसं देतो ना मी. माझं ऐका." मग मला सुचलं. बुधवारी दुपारी आमच्या बायकांची भिशी असते. बाटलीत नावाच्या सुरळ्या, झाकणाला भोक, बाटली हलवायची, जी सुरळी पडेल तिच्याकडे पुढची बैठक. त्या बाटलीपुढे आमच्यात कुणाचं काही चालत नाही. पाक एर्तेंच्या बायकोचं नाव एकदा पाठोपाठ दोनदा निघालं होतं तेव्हा पाक एर्तेंनीही निमूट खुर्च्या लावल्या होत्या. मी पानुलुहला म्हटलं, "चाळीस घरांच्या सुरळ्या कर आणि बुधवारी ये. बाटलीतून निघालेल्याला नाही म्हणायची आमच्यात कुणाची छाती नाही."

फक्त एक अडचण होती. बाटली धरते वार्सिनी.

बुधवारी तिने बाटली हलवली. एकेक सुरळी पडत गेली, ती उलगडून मोठ्याने वाचत गेली. तिसरं नाव पाक तुगिमानचं निघालं, बायका हसल्या. सातवं कोंबडेवाल्याचं. दहावी सुरळी तिने उलगडली आणि थांबली. सगळ्या जणी तिच्याकडे बघायला लागल्या.

"लास्त्री," ती म्हणाली.

अकरा वर्षांनी माझं नाव तिच्या तोंडून ऐकलं. मी पदराशी चाळा करत होते, तशीच करत राहिले. भीती वाटली ती पानुलुहसाठी नव्हती.

मुलाखती सुरू झाल्या. पहिल्या घरी तो चारावर फसला, "बू, नकोच तर—" असं म्हणून गेला. ती बाई भली, दुसऱ्या दिवशी पुन्हा बसली. पण अशी भलाई रोज कोण करणार? मी त्याला कचेरीत समोर बसवलं. "तोंड उघडायला नको ना? मग भरलेलं ठेव. प्रश्न विचार, चहाचा घोट घे आणि समोरचा बोलेपर्यंत गिळू नकोस."

ही युक्ती अशी चालली की काय सांगू. आमच्याकडचा चहा कढत आणि गोड, तो तोंडात धरून बसलेल्या पानुलुहचे डोळे पाण्याने भरायचे. समोरच्याला वाटायचं, आपल्या दुःखाने या मुलाला रडू येतंय. मग काय, लोक भडाभडा बोलायला लागले. पाक तुगिमान एक तास बोलले. शेवटी कबूल केलं की कोंबडा त्यांनी स्वतःच पिल्लू असताना शेजाऱ्याला दिला होता, आणि आता तो परत मागायची लाज वाटते. नऊ मुलाखती झाल्या. जीभ भाजली होती, पण नऊ झाल्या.

दहावी माझी. सत्राचा शेवटचा शुक्रवार.

मी खरं ते सांगते. त्याने पास व्हावं असं मला मनापासून वाटत होतं. त्याच्या आईचं तिवुल चार वर्षं माझ्या अंगाला लागलंय. आणि त्याने तो प्रश्न मला विचारू नये असंही तितकंच वाटत होतं. मी नेहमीसारखा चहा केला, पेल्यावर झाकण ठेवलं, पेला त्याच्यासमोर ठेवला. पण 'घ्या' म्हटलं नाही. यजमानीण 'घ्या' म्हणत नाही तोवर आमच्याकडे पाहुणा पेल्याला हात लावत नाही, आणि पानुलुह तर मेला तरी लावणार नाही. मला वाटलं, चहा नाही तर हा तिनावर बोलेल. 'राहू द्या बू' म्हणेल. मी सुटेन. तो बुडेल हे मला कळत होतं, तरी मी 'घ्या' म्हटलं नाही. माणूस असा असतो. निदान मी अशी आहे.

त्याने यंत्र सुरू केलं. माझं नाव न घेता 'उत्तरदाता दहा' म्हणाला. पहिले प्रश्न झाले. मग पेल्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मी खिडकीबाहेर.

"बू, अबोला झाला असल्यास, कशावरून?"

"माझा नवरा गेला त्याच्या हजाराव्या दिवसाच्या जेवणाला ती स्वयंपाकाला आली नाही," मी म्हटलं. हे मी तयारच ठेवलं होतं. मुलीला सांगितलं होतं, माहेरी सांगितलं होतं. "घरात शंभर पानं उठायची, सगळी वस्ती नारळ खोवायला आली, आणि भिंतीपलीकडची सख्खी जाऊ घरात बसून राहिली."

वहीत लिहून तो उठेल असं वाटलं. त्याने लिहिलं, आणि विचारलं, "का आली नाही?"

आणि गप्प बसला.

चहा नव्हता. त्याचे ओठ मिटलेले, पण थोडे थोडे हलत होते. मला दिसत होतं. एक. दोन. तीन. तीनला आता बोलतो असं वाटलं. बोलला नाही. चार. त्याचे कान लाल झाले. पाच. भिंतीपलीकडे कढई वाजली. वार्सिनी काहीतरी तळत होती. सहा. मला वाटलं उठून रेडिओ लावावा. सात. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि या वेळी चहा तोंडात नव्हता.

"मी तिला बोलवायला गेले नव्हते," मी म्हटलं. "घरोघर गेले. अडतीस घरं फिरले, पाया पडून सांगून आले, या म्हणून. तिच्याकडे गेले नाही. मला वाटलं, सख्खी जाऊ, तिला काय सांगायचं? आपण होऊन येईल. ती बसली वाट बघत. मी बसले वाट बघत. नंतर मला कळलं होतं. तिसऱ्याच दिवशी कळलं होतं. पण मग विचारायचं कसं?"

त्याने यंत्र बंद केलं, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "बू, चहा घेऊ?"

"घे रे बाबा," मी म्हटलं. "थंड झाला."

बू कुस्तियाहनी दहाही फिती ऐकल्या. सोमवारी त्या माझ्या खिडकीशी आल्या, निकालपत्रक आत सरकवलं. पानुलुहच्या नावापुढे बी श्रेणी. मी वर पाहिलं. त्या काही बोलल्या नाहीत, तशाच उभ्या. बाई मोजत होत्या की काय देव जाणे. "गुण बरोबर आहेत," मी घाईने म्हटलं आणि शिक्का मारला. नीट मारला, शाई सांडली नाही.

कपाटातला पत्राचा नमुना कोराच राहिला.

पदवीदानाच्या आदल्या दिवशी पानुलुहची आई डोंगरातून आली. तिवुलचं पोतं पाठीवर. माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, "शेवटी मारलात शिक्का! चार वर्षांनी का होईना, देवाने तुम्हाला बुद्धी दिली." पानुलुह मागे उभा राहून लालबुंद. मी त्याच्याकडे पाहिलं. एक, दोन. "आई," तो म्हणाला, "शिक्का नव्हता राहिला. मी नापास होत होतो." आई गप्प झाली. तोही गप्प राहिला, मध्ये पडला नाही. मग ती म्हणाली, "अस्सं? मग चार वर्षं ही बाई आपलं तिवुल फुकटच खात होती?" आणि असं हसली की माझा गुडघा दुखायचा थांबला.

देवाचे आभार मानायला जेवण घालायचं ठरलं, माझ्याच घरी, चाळीस घरांना. पोरासाठी वस्तीने एक रविवार घालवला होता, तेव्हा देणं लागत होतो. मी घरोघर बोलवायला निघाले. पाक तुगिमान म्हणाले, कोंबडा आणू का, आता तो माझ्याकडे आहे. अडतीस घरं झाली. मग मी भिंतीच्या कडेकडेने वळून वार्सिनीच्या दाराशी गेले. ती आतून आली, हात तेलाचे.

"म्बाक," मी थोरल्या जावेला म्हणतात तसं म्हटलं, "उद्या माझ्याकडे जेवण आहे. स्वयंपाकाला येशील का?"

ती उभी राहिली. पदराला हात पुसले, पुन्हा पुसले. माझ्या जिभेवर आलं होतं, नसेल जमत तर राहू दे. मी ओठ मिटले आणि मोजायला लागले. पाच. सहा. बाई काही बोलेचना. आठ. नऊ.

"खोवणी कुणाची वापरणार आहेस?" वार्सिनी म्हणाली. "तुझी बोथट आहे. अकरा वर्षं ऐकतेय मी."